भागिले तीन

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत दर १०० माणसांमागे ७५ हून अधिक कच्चे कैदी. गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे, पण मुक्काम आत. वकील होऊ घातलेली मुलं या आकड्याचं काय करतात, ते बघायला पुण्यातल्या एका विधी महाविद्यालयाच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात गेलो.

जिन्याखालची खोली. भिंतीवर जुन्या-नव्या कलमांचा तक्ता. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाल्यापासून दोन्ही पाठ करावी लागतात. तुरुंगभेट, रोजनाम्याच्या नकला वगैरे आधीच उरकलं होतं. शेवटच्या वर्षातली उदगीरची एक मुलगी कागदावर भागाकार करत होती.

‘‘झारखंडचा सेंट्रिंग कामगार आहे. जुनी कलमं ४५७, ३८०. म्हणजे रात्रीची घरफोडी आणि घरातली चोरी. जामीन मिळून आठ महिने झाले.’’

‘‘मग आत कसा?’’

‘‘१५ हजारांचा जामीनदार पाहिजे ना. तोही इथलाच.’’

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ वर तिची भिस्त होती. पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत गेला असेल, तर बंधपत्रावर सुटका. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या खटल्यांनाही लागू केलं. ३८० ला सात वर्षं, भागिले तीन, दोन वर्षं चार महिने. माणूस त्याहून जास्त आत होता. तिने उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

सरांनी कागद उचलला. ‘‘४५७ कुठं गेलं? चोरीसाठी घरफोडी, चौदा वर्षं. आता भाग. आणि पोटकलम दोन वाच.’’

तिने वाचलं. एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असतील, तर या कलमाखाली सुटका नाही. घरफोडीत घर फोडणं हा एक गुन्हा, चोरी हा दुसरा. सरकारी वकील नेमकं इथे बोट ठेवणार. कायद्याने एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं होतं आणि त्याला आपण सुधारणा म्हणतो.

मुलगी गप्प बसली नाही. मोतीरामचा निकाल काढला. १९७८ साल, मध्य प्रदेशातला गवंडी. दहा हजारांचा जामीन मागितला होता. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो जामीनदार चालला नाही. सर्वोच्च न्यायालयाने गवंड्याला एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला लावलं. मग त्याच न्यायालयाचे जानेवारी २०२३ चे निर्देश: जामीन होऊन महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही, तर न्यायालय आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं; स्थानिक जामीनदाराची अट शक्यतो नको.

‘‘महिना म्हणतात. इथं आठ झाले,’’ ती म्हणाली. भागाकाराचा कागद बाजूला सारून तिने अटी शिथिल करण्याचा अर्ज लिहायला घेतला. मोतीरामनंतर इतक्या वर्षांनी, तोच मुद्दा, १५ हजारांसाठी.

‘जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद’ यावर निबंध लिहिला की परीक्षेत गुण मिळतात. या अर्जाला गुण नाहीत. माझं मत विचाराल तर अभ्यासक्रम इथूनच सुरू करावा: आधी जामीनदार, मग न्यायशास्त्र.