रक्ताचे संप्रेरक आणि मेंदू

कुकटपल्लीच्या हौसिंग बोर्ड वसाहतीत माझे वास्तव्य आहे. शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे यांनी गजबजलेला हा परिसर. प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी दूरदूरची मुले येथे येऊन राहतात. गेल्या वर्षी एक परिचित गृहस्थ मजकडे आले. त्यांच्या वृद्ध मातोश्रींची मूत्रपिंडे निकामी झाल्याने डायलिसिस चालू होते, आणि त्याजोडीला एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने. "या औषधाने बुद्धी तल्लख होते असे वाचनात आले. थोरल्याची परीक्षा तोंडावर आहे. त्याला दोन-चार दिली तर?" असा त्यांचा प्रश्न होता. मला हसू आले नाही. प्रश्न बापाचा होता, आणि त्याला शास्त्राचा थोडा आधारही होता. म्हणूनच या वर्षीच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी हा विषय निवडला.

एरिथ्रोपोएटिन मुख्यतः मूत्रपिंडात तयार होते. रक्तातून पोचणारा प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंड हे संप्रेरक रक्तात सोडते आणि अस्थिमज्जा अधिक तांबड्या पेशी घडवू लागते. असे काही द्रव्य असावे, हा तर्क कार्नो व देफ्लांद्र या फ्रेंच संशोधकांनी १९०६ साली मांडला. ते शुद्ध स्वरूपात हाती येण्यास मात्र १९७७ साल उजाडावे लागले. ज्यांची अस्थिमज्जा काम करीत नाही अशा रुग्णांची मूत्रपिंडे हे द्रव्य सतत पाझरत राहतात आणि ते लघवीत उतरते. जपानमधील अशा रुग्णांची सुमारे २५५० लिटर लघवी मियाके यांनी जमविली आणि शिकागोच्या गोल्डवासर यांच्यासह तीतून काही मिलिग्रॅम संप्रेरक वेगळे केले. या चिकाटीपुढे मान लवते. पुढे त्याचे जनुक हाती आले आणि १९८९ पासून मूत्रपिंडाच्या रुग्णांना हे औषध मिळू लागले. आमच्या वसाहतीपासून जवळच, बाचुपल्लीत, डॉ. रेड्डीज कंपनीचे जैविक औषधांचे केंद्र आहे; याच संप्रेरकाचा अधिक काळ टिकणारा प्रकार, डार्बेपोएटिन, या कंपनीने २०१० साली भारतात आणला.

आता मेंदूकडे वळू. मेंदूतील पेशी हे संप्रेरक स्वतःही तयार करतात आणि ते स्वीकारणारी ग्राहके त्यांच्यावर असतात. जर्मनीत ग्योटिंगन येथे हानेलोरे एरेनराइख यांच्या गटाने निरोगी उंदरांना ते काही आठवडे दिले, तेव्हा त्यांची स्मरणशक्ती सुधारली, आणि ही सुधारणा केवळ रक्त वाढल्यामुळे झालेली नव्हती. याच गटाचा २०२० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. मधल्या काही दांड्या काढून टाकलेल्या चाकावर उंदरांना धावावयास लावले. पाऊल कोठे टाकावे हे शिकताना स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागातील चेतापेशींना प्राणवायू क्षणभर अपुरा पडू लागला. काम वाढले, पुरवठा तेवढा वाढला नाही. त्या तुटीची हाक म्हणून त्या पेशींनीच एरिथ्रोपोएटिन निर्माण केले, आणि त्याच्या प्रभावाने चेतापेशींच्या शाखांवरील जोडणीचे अंकुर वाढले व नव्या चेतापेशी परिपक्व होऊ लागल्या. मेंदूची घडणक्षमता म्हणतात ती हीच. म्हणजे कठीण काम करणारा मेंदू आपला खुराक स्वतः रांधतो.

उंदरांवरून माणसांविषयी बोलताना मात्र जीभ आवरावी लागते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवरील २००७ सालच्या एका छोट्या प्रयोगात आकलनात काही सुधारणा दिसली. त्यानंतर २००९ साली पक्षाघाताच्या ५२२ रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष आले. औषधाचा लाभ तर दिसला नाहीच, उलट ते घेणाऱ्यांत १६.४ टक्के रुग्ण दगावले. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. जन्मतः गुदमरलेल्या सुमारे पाचशे बालकांवरील अमेरिकेतील प्रयोगही २०२२ साली निराशाच देऊन गेला.

निरोगी मुलास हे इंजेक्शन दिले तर तांबड्या पेशी गरजेहून अधिक होतात, रक्त दाट होते आणि गुठळ्यांचा धोका वाढतो. सायकल शर्यतींत दम टिकविण्यासाठी ते चोरून वापरले गेलेच. लान्स आर्मस्ट्राँगने २०१३ साली तशी कबुली दिली. शिवाय संप्रेरक म्हणजे नुसता हुकूम आहे. लोह नसेल तर अस्थिमज्जा तो पाळणार कशी? लोहाची उणीव एकाग्रतेलाही बाधते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला होता.

हा आकडा मनात होता, म्हणून मी त्या गृहस्थांना धाकट्या मुलीविषयी विचारले. ती वर्गात पेंगते, अशी बाईंची तक्रार होती. तपासणीत तिचे हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या आणि जंतांचे औषध दिले, जेवणाबरोबर चहा घेण्यास मनाई केली. थोरल्याच्या इंजेक्शनाचा विषय पुन्हा निघाला नाही. आजींचे मात्र चालू आहे, आणि आता त्या जिना चढून गच्चीवर जातात.