कृत्रिम गुडघा पुन्हा दुखू लागला तर : वैद्याचे कर्तव्य



तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर २००० आणि २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि हा विषय घरोघरी पोहोचला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी कर वगळून ५४,७२० रुपये, तर पुनर्शस्त्रक्रियेच्या सांध्यासाठी १,१३,९५० रुपये. आज वसई, नालासोपारा, विरार येथील आपल्या चिकित्सालयांत गुडघे बदललेले रुग्ण नित्य येतात. यांतील बहुतेकांचे सांधे वीस-पंचवीस वर्षे टिकतात. प्रश्न उरतो तो उर्वरितांचा.

आमचीच एक चूक येथे नमूद करतो. आगाशी परिसरातील एक वृद्धा प्रत्यारोपणानंतर दोन वर्षांनी गुडघेदुखीसाठी आमच्याकडे आल्या. व्रणाच्या खुणेजवळ पुळी येऊन बसते, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. आम्ही सवयीने संधिगत वात मानून सात दिवस अभ्यंग व जानुबस्ती केली. आठव्या दिवशी त्या पुळीतून स्राव दिसला. शल्यचिकित्सकांनी सांध्यातील द्रव तपासला, तेव्हा जंतुसंसर्ग निघाला. त्या आज काठी घेऊन चालतात. परंतु तो आठवडा आमच्यामुळे वाया गेला.

मुळात, बदललेल्या गुडघ्यात झिजणारी कूर्चा बहुतांशी उरलेली नसते. म्हणून तेथील वेदनेला संधिगत वात म्हणणे युक्त नव्हे. सांधा हाडापासून सैल होणे, प्लास्टिकची झीज, अस्थिरता, ताठरपणा, वाटीचे दोष, अस्थिभग्न आणि जंतुसंसर्ग ही कारणे प्रथम शोधावीत. खुबा व कंबर यांची वेदनाही गुडघ्यात जाणवते. उठताना पहिल्या काही पावलांना होणारी वेदना सैलपणा सुचविते. विश्रांतीतही व रात्रीही राहणारी वेदना, उष्णता, लाली वा स्राव संसर्ग सुचवितात. ज्वर नसला म्हणून संसर्ग नाही असे समजू नये.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात प्रनष्टशल्याचा स्वतंत्र अध्याय सांगितला आहे. शल्य आत असेपर्यंत नाडीव्रण भरत नाही, हे आपणांस नवे नाही. येथेही तेच घडते. जंतू धातूच्या पृष्ठभागावर थर करून राहतात आणि औषध त्यांच्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. संसर्ग ताजा असेल तर सांधा धुऊन व प्लास्टिकचा भाग बदलून तो कधी वाचविता येतो. जुना झाला तर बहुधा दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया करावी लागते : आधी सांधा काढून प्रतिजैविकयुक्त सिमेंट बसविणे, काही आठवड्यांनंतर नवा सांधा. म्हणून दिवसांना मोल आहे.

यास्तव काही नियम पाळावेत. गुडघ्याच्या प्रत्येक रुग्णास 'आत सांधा बसविला आहे काय' हे विचारावे व व्रणाची खूण स्वतः पाहावी. संशय असता अभ्यंग, स्वेदन, जानुबस्ती, जलौका, अग्निकर्म वा सुई यांपैकी काहीही करू नये. रुग्णास त्याच दिवशी त्याच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. पोटरीस सूज व वेदना असेल तर मर्दन सर्वथा वर्ज्य; शिरेत गुठळी असू शकते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असता गुग्गुळ कल्प व लसूण विचारपूर्वक द्यावेत.

औषधविक्रेत्या बंधूंनी अशा रुग्णास आपणहून प्रतिजैविक देऊ नये. द्रव तपासण्यापूर्वी ते घेतले गेले तर जंतू ओळखणे अवघड होते आणि योग्य औषध निवडता येत नाही.

कारण न सापडता केवळ वेदनेसाठी केलेली पुनर्शस्त्रक्रिया क्वचितच सुख देते, हेही रुग्णास सांगावे. संसर्ग नाही असे निश्चित झाल्यावर आहार, प्रमेहाचे नियमन, वजन, निद्रा आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हे आपले क्षेत्र आहे. तेथे आपण पुष्कळ करू शकतो. मात्र शल्य कोठे आहे हे ओळखून मार्ग दाखविणे, हीदेखील चिकित्साच होय.