निळ्या ठिपक्याचे आयुष्य

ओलेड पडद्यामागे दिवा नसतो. त्याचा प्रत्येक ठिपका स्वयंप्रकाशी असतो. १९८७ साली अमेरिकेत चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कार्बनी पदार्थांचे दोन अतिशय पातळ थर एकमेकांवर चढविले. वीज वाहताच ते हिरवे उजळले. परंतु विजेने चेतविलेल्या दर चार रेणूंपैकी सरासरी एकच प्रकाश देई. उरलेल्या तिहींची शक्ती, केवढा हा अपव्यय, उष्णता होऊन जाई. १९९८ मध्ये फॉरेस्ट व टॉम्सन यांच्या सहकाऱ्यांनी रेणूत प्लॅटिनम गुंफले. या जड धातूमुळे तेही प्रकाशू लागले. पुढे इरिडियमने तांबडा व हिरवा रंग टिकाऊ झाला. निळ्याचे मात्र अवघड! निळ्या प्रकाशासाठी लागणारी अधिक शक्तीच रेणूचे बंध तोडते. म्हणून कित्येक पडद्यांत निळे ठिपके मोठे घडवितात. त्यायोगे त्यांवरील विजेचा भार विभागला जातो.