महाडचें जोतें

महाबळेश्वरास जाऊन आर्थर सीट न पाहतां परतलेलें कुटुंब पुण्यामुंबईकडे विरळाच सांपडेल. मुलें एखादी हलकी वस्तु दरींत टाकतात, वारा ती पुन्हा वर आणून देतो, मंडळी हंसतात, आणि थोड्या वेळानें सारीं जणें चणे-शेंगदाणे खात मोटारीकडे वळतात. पायांखालच्या त्या भयंकर दरींतून कोणती नदी वाहते आणि ती पुढें कोणाच्या दारांत जाते, हा प्रश्न आमच्याही मनांत पुष्कळ वर्षें आला नव्हता. ती दरी सावित्रीची. ज्या मॅलेटसाहेबाच्या नांवानें तें टोक ओळखलें जातें त्याची पत्नी व तान्ही मुलगी १८५३ सालीं याच सावित्रीच्या मुखाशीं, बाणकोटच्या खाडींत, होडी उलटून बुडाल्या. नदीचा उगम पाहत बसलेल्या त्या गृहस्थाच्या डोळ्यांपुढें तिचें मुखच उभें राहत असेल!

कृष्णा, वेण्णा, कोयना या बहिणी देशाकडे वळून शांतपणें नांदतात. सावित्री मात्र पश्चिमेस सरळ उडी घेते. ४००० फुटांहून अधिक उंचीवरून निघालेली ही नदी पोलादपुरास पोहोंचेपर्यंत जवळजवळ सगळी उंची उतरून मोकळी होते. तेथून समुद्रापर्यंत तिला उतार असा फारसा उरतच नाहीं. उगमापासून मुखापर्यंतची तिची सारी वाट शंभर किलोमीटरांच्या आसपास. परंतु तिचा पहिला भाग म्हणजे धबधबा आणि शेवटचा भाग म्हणजे खाडी, आणि या दोहोंच्या सांध्यावर महाड वसलेलें आहे. वर महाबळेश्वरीं वर्षाला दोनशें इंचांहून अधिक पाऊस. खालीं समुद्राची भरती थेट महाडपर्यंत चढणारी. पावसाळ्यांतील पौर्णिमा-अमावास्येस वरचें पाणी आणि खालचें पाणी एकाच वेळीं आलें, तर तें जाणार कोठें? गांधारी नदीही गांवाजवळच सावित्रीस मिळते, आणि थोडें खालीं दासगांवाकडे काळ नदी येऊन मिळते. असो. गांवाची सगळी कुंडली एवढ्यांतच आली.

गेल्या मार्गशीर्षांत आंबेनळी घाटानें उतरून पोलादपूर, महाड व दासगांव असा प्रवास करण्याचा योग आम्हांस आला. महाड हें आमचें आजोळ. तेव्हां पुढील लेखांत थोडी आपलेपणाची भाषा आली तर वाचकांनीं ती गोड करून घ्यावी.

पोलादपूरचा मुलूख म्हणजे जुनी जावळी. १६५६ सालीं शिवाजीमहाराजांनीं जावळी घेतली, तिच्या उरावर प्रतापगड बांधला, आणि तीन वर्षांनीं त्याच गडाच्या पायथ्याशीं अफझलखानाचा निकाल लागला. तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ याच तालुक्यांत. शिवभारतकार कवींद्र परमानंदाची समाधिही पोलादपुरासच. परंतु इतिहासाच्या या श्रीमंतीबरोबर जमिनीची गरिबीही ध्यानांत घेतली पाहिजे. डोंगरउतारावर वरकस जमीन, तींत नाचणी, वरी, हरीक. राब भाजून माती तयार करावी, दोन-तीन वर्षें पीक घ्यावें, मग ती पड ठेवून दुसरा उतार धरावा. भाताचीं खाचरें काय तीं नदीकांठच्या चिंचोळ्या पट्टींत. एवढ्यावर घर चालेना, म्हणून येथील तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेले आणि पलटणींत गेले. आज अनेक वाड्यांत म्हातारीं माणसें आणि कुलुपेंच अधिक दिसतात. ज्या बांधांनीं उतारावरची माती पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेविली ते बांध डागडुजीवांचून ढासळत आहेत. माती सुटली कीं ती कोठें जाते हें महाडच्या नदीपात्रांतील गाळाकडे पाहून कोणासही कळेल.

महाडाजवळ, गांधारीच्या कांठीं, पाले गांवच्या डोंगरांत सुमारें तीस बौद्ध लेणीं आहेत. विष्णुपालित नांवाच्या एका कुमारानें लेणें कोरविल्याचा ब्राह्मी लेख तेथें आहे. काल इसवी सनाचीं पहिलीं शतकें. आम्हांस तेथें एका गोष्टीचें विशेष नवल वाटलें. लेण्यांच्या ओसरींत उभें राहिलें कीं दोन्ही नद्यांचें सपाट खोरें हातावरील रेषांप्रमाणें दिसतें, आणि लेणीं स्वतः मात्र पुराच्या पाण्यापासून चांगलीं उंच. भिक्षु वर्षावासाला जागा शोधीत होते. सपाटीची सोय त्यांसही दिसत असणारच, पण पावसाळ्यापुरती ती जमीन नदीची आहे हें त्यांनीं मनाशीं धरलें होतें.

व्यापाऱ्यांस मात्र खालीं उतरल्यावांचून गत्यंतर नव्हतें. घाटावरचा माल वरंध व आंबेनळीच्या वाटांनीं उतरे, खाडींतून गलबतें भरतीबरोबर वर येत, आणि दोहोंची गांठ महाडास पडे. महाडची सुकट गल्ली अजून त्या व्यापाराचें नांव सांगते. राजकारणासही हें बंदर सोयीचें पडलें. १७९६ सालीं नाना फडणीस पुणें सोडून येथें येऊन राहिले होते. १८०२ सालीं होळकरांच्या धास्तीनें पळालेले दुसरे बाजीराव येथूनच पुढें सुवर्णदुर्गाकडे व वसईस गेले. इंग्रजांनीं तर १७५६ सालींच बाणकोटाबरोबर दासगांव मागून घेतलें होतें. खाडीच्या नाड्या कोठें आहेत हें त्या दर्यावर्दी लोकांस बरोबर ठाऊक!

आमच्या आजोळच्या घराचें जोतें पुरुषभर उंच होतें. पायऱ्या चढतांना लहानपणीं धाप लागे, आणि एवढें उंच घर बांधणाऱ्या पणजोबांचा राग येई. त्या जोत्याच्या दगडांवर आणि वर ओटीच्या खांबावर टाकीच्या आडव्या खुणा होत्या; ज्या पावसाळ्यांत पाणी जेथवर आलें तेथवरची ती खूण. आषाढ लागला कीं घरांतील बायका कणगीच्या तळचे तांदूळ उपसून माळ्यावर नेत, लोणच्याच्या बरण्या फडताळाच्या वरच्या फळीवर चढत, देवांचा संपुष्ट हाताशीं ठेवला जाई. पूर आला कीं आजी ओटीवरून सावित्रीची हळदकुंकवानें ओटी भरी आणि मग शांतपणें पिठलें टाकावयास जाई. दोन दिवसांनीं पाणी उतरे, अंगणांत बोटभर मऊ गाळ राही, आणि त्याच गाळानें खाचरें पोसत. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरीत. त्या वालांच्या बिरड्याची चव आम्ही आजही विसरलों नाहीं. पूर हें त्या काळीं संकट नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं; पण तें ओळखीचें संकट होतें.

दासगांवाकडे खालीं गेलें कीं जमिनीची रीत बदलते. तेथें भरतीचें खारें पाणी शिरणारीं खाजणें. चिखल व दगड यांचे बांध घालून, उघाड्या बसवून, ओहोटीस पाणी बाहेर सोडावयाचें व भरतीस आंत येऊं द्यावयाचें नाहीं, अशा युक्तीनें कोंकणच्या माणसानें समुद्रापासून भातशेती सोडवून घेतली. एका ठिकाणीं बांध फुटला तर सगळ्यांचींच शेतें खारीं होत, म्हणून डागडुजी सर्वांनीं मिळून करावयाची. १९४८ सालीं खारजमिनींचा कायदा होऊन हें काम सरकारच्या अंगावर गेलें. कायदा हेतूनें चांगलाच. पण बांधावर रात्रीं कंदील घेऊन फिरणारा माणूस कायद्यानें निर्माण होत नाहीं.

आतां ज्या गोष्टीवांचून महाडची हकीकत लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल तिच्याकडे वळूं. नदीस भरतीचें पाणी येतें म्हणजे उन्हाळ्यांत तें पिण्याच्या कामाचें नाहीं. म्हणून या गांवाची तहान तळ्यांवर व विहिरींवर भागे, आणि तळें ज्याच्या हातीं त्याच्या हातीं गांव, असा प्रकार झाला. १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव मंजूर झाला; १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनें त्याप्रमाणें चवदार तळें खुलें केलें; आणि तरीही अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या बांधवांस तेथील ओंजळभर पाणी मिळेना. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों माणसांसह तळ्यावर गेले व त्यांनीं तें पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या माणसांवर काठ्या चालल्या, आणि तळ्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली. गुरेंढोरें ज्या पाण्यांत उतरत तें पाणी माणसाच्या ओंजळीनें बाटतें असें मानणारे लोक कोण होते? दुसरे तिसरे कोणी नव्हत. आमच्यासारख्यांचे आजे-पणजेच होते. त्या शुद्धीस आमच्या आजोळचें कोणी गेलें होतें काय, हें आम्हीं एकदां विचारलें असतां घरांतील वडील माणसांनीं विषय बदलला. उत्तर मिळालें असें आम्हीं समजलों.

त्याच वर्षीं डिसेंबरांत पुन्हा परिषद भरली तेव्हां बाबासाहेब मुंबईहून बोटीनें दासगांवच्या बंदरास उतरले व तेथून पायीं महाडास आले. २५ डिसेंबरास मनुस्मृतीचें दहन झालें. तो ठराव मांडणारे बापूसाहेब सहस्रबुद्धे हे जन्मानें ब्राह्मण होते, हें आमच्या घरांतून फारसें सांगितलें जात नाहीं. पुढें १९३७ सालीं उच्च न्यायालयानें, बहिष्काराची ती चाल अनादि असल्याचें सिद्ध होत नाहीं, असा निकाल दिला. आज तळ्याचे घाट बांधून काढलेले आहेत, मध्यें बाबासाहेबांचा पुतळा आहे, आणि २० मार्चास तेथें लोटणारा जनसमुदाय पाहण्यासारखा असतो.

पाण्यानंतर जमीन. १९४९ च्या कायद्यानें कोंकणची खोती गेली, आणि पुढें १९५७ पासून कूळकायद्यानें कसणारा तो मालक झाला. न्याय झाला. आमच्यासारखीं घराणीं त्यापूर्वीच शिक्षणानोकरीसाठीं पुण्यामुंबईस निघालेलीं होतीं; जीं उरलीं तींही निघालीं. गांवालगतचे जे थोडे तुकडे नांवावर राहिले त्यांचें करावयाचें काय? आमच्या मामांकडे गांधारीच्या बाजूस एक खाचर होतें. पावसाळ्यांत त्यांत कमरेइतकें पाणी उभें राही आणि सावकाश नदींत उतरे. रस्ता रुंद झाला, भाव आला, खाचर विकलें. घेणाऱ्यानें डंपरांनीं मुरूम टाकून भराव केला आणि वर इमारत उठविली. आलेल्या पैशांतून भावंडांचे वाटे झाले. त्या वाट्यांतून आमच्याही घरीं एक कपाट आलें. त्या पावसाळ्यापासून खाचरांत मावणारें पाणी शेजारच्या आळींत शिरूं लागलें. असे भराव एकट्या आमच्या मामांच्याच जमिनीवर झाले नाहींत, आणि प्रत्येक विकणाराकडे आमच्याइतकेंच साधें कारण होतें.

१९८० नंतर बिरवाडीकडे औद्योगिक वसाहत वाढली. रासायनिक कारखाने आले, त्यांना पाणी पुरविण्यासाठीं पोलादपुराकडे सावित्रीवर रानबाजिरे येथें धरण झालें, तरुणांस घराजवळ काम मिळालें. आणि सांडपाण्यानें खाडींतील मासळी गेली ही कोळी-भोयांची तक्रारही तेव्हांपासूनची. मग कोंकण रेल्वे आली. १९९८ च्या प्रजासत्ताकदिनापासून तिची सगळी वाट सुरू आहे. दासगांवाकडच्या तिच्या भरावानें पुराचें पाणी तुंबतें, असें महाडकरांचें आग्रहाचें म्हणणें आहे. मुंबईस रात्रींत पोहोंचविणाऱ्या गाडीवर रागावणेंही त्यांस जड जातें.

२५ व २६ जुलै २००५ या दिवसांत जुई, दासगांव, कोंडिवते, रोहण या गांवांवर डोंगर कोसळले आणि जवळजवळ दोनशें माणसें गेलीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं इंग्रजी अमदानींतील १९२८ चा सावित्रीवरचा दगडी पूल पुरांत वाहून गेला. अंधारांत दोन एस.टी. गाड्या व आणखी वाहनें नदींत पडलीं, चाळिसांच्या आसपास प्रवासी बुडाले, आणि कित्येक प्रेतें पार खाडीपर्यंत शोधावीं लागलीं. नवा पूल दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशीं उभा राहिला. २२ जुलै २०२१ रोजीं महाबळेश्वरीं एका दिवसांत सुमारें ६० सेंटिमीटर पाऊस झाला. तळिये गांवची वाडी दरडीखालीं गेली, ऐंशींहून अधिक माणसें मेलीं. पोलादपूर तालुक्यांतही दोन ठिकाणीं दरडी कोसळल्या. आणि महाडच्या बाजारपेठेंत तळमजले संपूर्ण बुडाले. दुकानदारांचा वर्षाचा माल चिखलांत गेला. त्यानंतर नदींतील गाळ व बेटें काढण्याचें काम हातीं घेण्यांत आलें आणि कांठावर गाळाचे डोंगर दिसूं लागले.

आजोळचें घरही त्या पुरानें खचलें. धाकटे मामा आतां तेथेंच नवें घर बांधीत आहेत. आम्ही गेलों तेव्हां पायाचें काम चाललें होतें. ठेकेदार नकाशा उलगडून समजावीत होता कीं, आजकाल लोकांस मोटार सरळ आंत न्यावयाची असते, तेव्हां जोतें दोन फुटांवर नको. सूनबाईचेंही मत तसेंच होतें. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पायऱ्या त्यांस चढवत नाहींत. मामी जुन्या घराचा ओटीचा खांब गोठ्याच्या भिंतीस टेकवून ठेविला होता तेथें गेल्या. त्यांनीं वरून तिसऱ्या खुणेवर बोट ठेवलें, मग चुन्याची दोरी मागविली आणि ठेकेदारास म्हणाल्या, “माझे गुडघे राहूं द्यात. येथून धरा.”