बोलीपासून सभेपर्यंत : चंद्रपूर-गडचिरोलीतील वक्तृत्वशिक्षणाचा मागोवा

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत किशोरवयीनांना सभेत बोलायला कसे शिकवले गेले, याचा गेल्या पन्नास वर्षांचा मागोवा शालेय स्पर्धांपासून सुरू केला तर तो अपुरा राहतो, कारण गडचिरोलीतील भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांत व्यासपीठाच्या आधी भाषेचाच प्रश्न उभा असतो. घरी माडिया किंवा गोंडी या द्रविडकुळातील भाषा बोलणाऱ्या मुलाला शाळेची मराठी परकी असते. झाडीबोलीत, म्हणजे पूर्व विदर्भातील मराठीच्या बोलीत, वाढलेल्या मुलालाही पुस्तकी मराठी सहजासहजी जिभेवर येत नाही.

बाबा आमटे यांनी १९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि १९७६ साली तेथे आश्रमशाळा, म्हणजे निवासी शाळा, उभी राहिली, तेव्हा ही अडचण उघडी पडली होती. प्रकल्प चालवणाऱ्या प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना आधी माडिया शिकावी लागली. मुलांनी बोलावे म्हणून मोठ्यांनी विद्यार्थी होण्याचा हा क्रम वक्तृत्वाच्या कोणत्याही पाठ्यक्रमात सापडत नाही.

बहुतेक शाळांत मात्र उलटे घडत आले. २६ जानेवारीला ध्वजापुढे उभे राहणारे मूल 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग' येथून निघते, हात शिवणीला चिकटवून गुरुजींनी लिहून दिलेला मजकूर एका दमात म्हणते, आणि मध्येच शब्द निसटला की थांबून पुन्हा 'अध्यक्ष महोदय'पाशी परतते, कारण मजकूर अर्थाच्या नव्हे, ओळींच्या क्रमाने पाठ झालेला असतो. याला वक्तृत्व म्हणणे हा शब्दाचा अपव्यय होय. त्या मानाने दिवाळीच्या सुमारास रंगणाऱ्या दंडारीने, म्हणजे गावकऱ्यांनीच सादर करावयाच्या लोकनाट्याने, आवाज लांबवर पोचवण्याचे आणि समोरच्या गर्दीला न बुजण्याचे शिक्षण कितीतरी अधिक दिले असावे. वडसा-देसाईगंज परिसरातून गावोगाव जाणारी झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या वनपट्ट्याची, नाटकेही याच मातीतली आहेत.

या मागोव्यातील सर्वांत मोलाचा भाग धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचा आहे. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तेथे अभ्यासगटाची पद्धत रुजली. अभ्यासगट म्हणजे निर्णयाचे बंधन नसलेली चर्चेची बैठक. निर्णय घ्यायचा तो ग्रामसभेने, आणि तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने, म्हणजे एकाचाही विरोध असेपर्यंत विषय खुला ठेवून. अशा ठिकाणी टाळ्या मिळवणारे भाषण फारसे कामाचे नसते, कारण बोलणाऱ्याला गर्दी जिंकायची नसून न पटलेल्या शेवटच्या माणसाची शंका ऐकून, समजून, तिला उत्तर द्यायचे असते. ऐकणे हा बोलण्याचाच निम्मा भाग ठरतो, आणि गावात वाढणारे मूल हे सारे ओट्यावर बसून पाहत असते. २००९ साली या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले, तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी वनखात्याशी वाद घालावा लागला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. कायद्याची कलमे समजून घेऊन अधिकाऱ्यांपुढे आपली बाजू मांडणे, हा या अभ्यासगटांचा खरा कस होता.

अभ्यासगटाच्या या पद्धतीची मुळे गोटुलात शोधता येतात. गोटुल म्हणजे तरुण मुलामुलींनी संध्याकाळी जमण्याचे सामायिक घर, जेथे गाणी, नाच, कथा आणि गावचे रीतिरिवाज मोठ्यांकडून लहानांकडे जात. शाळेने या घराकडे दीर्घकाळ मागासपणाची खूण म्हणून पाहिले, आणि त्यामुळे बोलण्याची एक तयार शाळा हिशेबाबाहेर राहिली. धानोरा तालुक्यातीलच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली, तेव्हा तिच्या नावातच 'गोटुल' हा शब्द घातला.