१७०० धावपटू ‘बेपत्ता’ झाले आणि सगळे परत आले. डोंगरातल्या शर्यतीचं गणितच वेगळं आहे

तारीख २५ ऑक्टोबर २००८, वार शनिवार. इंग्लंडच्या वायव्येला लेक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथं त्या दिवशी धो धो पाऊस कोसळत होता, वर सोसाट्याचा वारा. बॉरोडेल खोऱ्यातले ओढे रस्त्यावर आले होते. आणि अशा हवेत अडीच हजारांच्या आसपास माणसं डोंगरात पळायला गेली होती.

शर्यतीचं नाव ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन. दोन दिवसांची शर्यत, पळायचं दोघादोघांच्या जोडीनं. हवा इतकी बिघडली की पहिल्याच दिवशी शर्यत थांबवावी लागली. रात्री टीव्हीवर बातमी आली, १७०० हून जास्त धावपटूंचा पत्ता नाही. जगभरात एकच खळबळ उडाली.

आणि दुसऱ्या दिवशी? सगळे जिवंत. काही जखमी होते, काही गारठून गेले होते, पण मृत्यू एकही नाही. कुणी शेतकऱ्याच्या गोठ्यात रात्र काढली, शेकडो जण होनिस्टरच्या दगडखाणीत थांबले, तर बरेच जण सरळ आपल्या तंबूत झोपले.

कारण या शर्यतीत प्रत्येक जोडीनं तंबू, स्लीपिंग बॅग, जेवण आणि कोरडे कपडे पाठीवर घेऊनच पळायचं असतं. डोंगरात रात्र काढायची हे आधीपासूनच ठरलेलं होतं. बातमीत जे बेपत्ता होते, त्यातल्या बहुतेकांना आपण कुठं आहोत हे व्यवस्थित माहीत होतं.

आता प्रश्न पडतो की असली डोकी तयार कुठं होतात? उत्तर आहे, फेल रनिंगच्या क्लबांमध्ये.

फेल म्हणजे नापास नव्हे

उत्तर इंग्लंडमध्ये डोंगराला ‘फेल’ म्हणतात. हजारेक वर्षांपूर्वी तिथं आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतला हा शब्द. त्या डोंगरांवर पळायचं म्हणून फेल रनिंग. हाच खेळ स्कॉटलंडमध्ये हिल रनिंग या नावानं चालतो.

आता तुम्ही म्हणाल, इंग्लंडचे डोंगर ते केवढेसे? खरं आहे. इंग्लंडमधलं सगळ्यात उंच शिखर स्काफेल पाइक, उंची ९७८ मीटर. आपला सिंहगड १३०० मीटरच्या वर जातो. पण ही झाली समुद्रसपाटीपासूनची उंची. स्काफेल पाइकच्या पायथ्याचं वॉस्डेल हेड हे ठिकाण शंभर मीटरच्याही खाली आहे. म्हणजे जवळजवळ ९०० मीटरचा निव्वळ चढ. आणि एका शर्यतीत असे डोंगर एक नाही, पाच-सहा सुद्धा असतात.

शर्यतींची वर्गवारीही चढावर ठरते. फेल रनर्स असोसिएशन ही या खेळाची संघटना १९७० साली स्थापन झाली. तिच्या हिशोबात ‘ए’ गटाची शर्यत म्हणजे दर किलोमीटरला सरासरी किमान ५० मीटर चढ. त्यात वीस किलोमीटर किंवा जास्त अंतर असेल तर ती ‘लाँग’. वॉस्डेलची शर्यत या गटातली, सुमारे ३४ किलोमीटर अंतर आणि पावणेतीन हजार मीटरच्या आसपास चढ.

वाट तुमची तुम्ही शोधा

रोड मॅरेथॉनमध्ये काय असतं? दोन्ही बाजूंनी बॅरिकेड, दर दोन किलोमीटरला पाणी, रस्त्यावर बाण. फेल रेसमध्ये बऱ्याचदा यातलं काहीच नसतं. शिखरांवर चेकपॉइंट असतात. एका शिखरावरून दुसऱ्यावर कसं जायचं, ते तुमचं तुम्ही ठरवायचं. मेंढ्यांच्या पायवाटेनं जा, दगडांच्या घसाऱ्यावरून उतरा, नाहीतर गुडघाभर चिखलातून जा.

त्यामुळे इथं नुसता दम असून भागत नाही, नकाशाही वाचता यावा लागतो. वर ढग उतरले की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. शिखरावर पहिला पोहोचलेला माणूस चुकीच्या सोंडेनं उतरला तर थेट भलत्याच खोऱ्यात जातो. मागून शांतपणे होकायंत्र बघून येणारा पन्नाशीतला माणूस त्याच्या आधी शर्यत संपवतो.

दुसरी गोष्ट उताराची. चढावर बरेच जण चालतात, अगदी पुढचे सुद्धा. हात मांडीवर टेकवून चालतात. शर्यत फिरते ती उतारावर. ओल्या गवतावरून, सुट्या दगडांवरून न थांबता खाली येणं ही वेगळीच कला आहे. ब्रिटनमधलं सगळ्यात उंच शिखर बेन नेव्हिस, १३४५ मीटर. पायथ्याच्या फोर्ट विल्यमवरून वर जाऊन परत यायचं. केनी स्टुअर्टनं १९८४ साली हे १ तास २५ मिनिटं ३४ सेकंदांत केलं. चाळीस वर्षांत तो विक्रम कुणाला मोडता आला नाही.

मग क्लबचं काम काय?

एकट्यानं पळायचा खेळ आहे तर क्लब कशाला, असं वाटू शकतं. पण या खेळात क्लब म्हणजे फक्त एका रंगाची जर्सी नाही. नव्या पोरांना नकाशा वाचायला शिकवणं, शर्यतीच्या आधी वाट दाखवायला नेणं, रात्री हेडलाइट लावून सराव करणं हे सगळं क्लबचे जुने लोक करतात. आणि ज्या दिवशी स्वतःला पळायचं नसतं, त्या दिवशी तेच लोक डोंगरमाथ्यावर पावसात उभे राहून नंबर लिहून घेतात.

हे समजायला बॉब ग्रॅहमचा किस्सा बघायला लागतो.

केझिक गावात बॉब ग्रॅहम नावाचा एक माणूस गेस्ट हाऊस चालवायचा. जून १९३२ मध्ये त्यानं २४ तासांच्या आत ४२ डोंगर पार केले. अंतर सुमारे १०६ किलोमीटर, चढ आठ हजार मीटरच्या वर. म्हणजे जवळपास एव्हरेस्टच्या उंचीएवढा. सुरुवात आणि शेवट केझिकच्या चौकातल्या मूट हॉलपाशी. त्याला लागले २३ तास ३९ मिनिटं. पायात टेनिसचे बूट होते आणि खायला ब्रेड-बटर, उकडलेलं अंडं, फळं असं साधंच होतं, असं सांगितलं जातं.

हे पुन्हा करायला दुसऱ्या माणसाला १९६० साल उजाडावं लागलं. त्याचं नाव अ‍ॅलन हीटन. १९७१ मध्ये बॉब ग्रॅहम क्लब निघाला. या क्लबचं सभासदत्व पैसे भरून मिळत नाही. ४२ डोंगर २४ तासांत पूर्ण करावे लागतात, आणि प्रत्येक शिखरावर सोबत एक साक्षीदार असावा लागतो.

ही साक्षीदाराची अटच सगळं सांगून जाते. वाटेचे पाच टप्पे पडतात. प्रत्येक टप्प्यावर वेगळे सोबती येतात. कुणी पाणी वाहतो, कुणी अंधारात वाट दाखवतो, कुणी रस्त्याकडेला गरम सूप घेऊन थांबतो. यांना पैसे मिळत नाहीत. आज मी तुझ्यासाठी रात्री दोन वाजता डोंगरात आलो, उद्या तू कुणासाठी तरी यायचं. आपल्याकडं शेतात इर्जिक घालतात ना, तसाच प्रकार.

१९८२ मध्ये बॉरोडेल खोऱ्यातल्या बिली ब्लँडनं हा फेरा १३ तास ५३ मिनिटांत पूर्ण केला. पेशानं गवंडीकाम करणारा गडी. हा विक्रम ३६ वर्षं टिकला. २०१८ मध्ये स्पेनचा किलियन जोर्ने आला आणि त्यानं १२ तास ५२ मिनिटांत फेरा संपवला. त्याच्यासोबत वाट दाखवायला कोण होतं? तिथलेच स्थानिक धावपटू. आणि मूट हॉलपाशी त्याच्या स्वागताला कोण उभं होतं? ज्याचा विक्रम मोडला तो बिली ब्लँड. पुढं २०२२ मध्ये जॅक कुएन्झले या अमेरिकन धावपटूनं हाही विक्रम मोडला.

जॉस नेलरचं नाव घेतल्याशिवाय तर विषय पूर्ण होत नाही. वॉस्डेलचा हा मेंढपाळ. १९७५ मध्ये त्यानं २४ तासांच्या आत ७२ शिखरं केली. वयाच्या सत्तरीत पुन्हा एकदा ७० शिखरं केली. २०२४ मध्ये त्याचं निधन झालं तोपर्यंत तो या डोंगरांचा राजा म्हणूनच ओळखला जायचा.

सगळ्यात महत्त्वाचं काम, डोकी मोजणं

आता मुद्द्याची गोष्ट. फेल रेसला जाताना एक यादी असते. लांबच्या आणि उंचावरच्या शर्यतीत साधारण हे सामान जवळ लागतंच,

– पाणी आत न येणारं, टोपीचं जॅकेट
– तशीच पावसाळी पँट
– कानटोपी आणि हातमोजे
– नकाशा आणि होकायंत्र
– शिट्टी
– अडीअडचणीला थोडा खाऊ

खाली ऊन असलं तरी ही यादी सुटत नाही. सामान तपासलं जातं, आणि ते नसेल तर बाहेर काढतात.

दुसरा नियम त्याहून कडक. शर्यत अर्धवट सोडली तर घरी जायचं नाही. आधी फिनिशवर जाऊन सांगायचं, मी परत आलोय. किती वर गेले आणि किती खाली आले हे दोन आकडे जुळल्याशिवाय शर्यत संपत नाही. तुम्ही गाडीत बसून निघून गेलात, तर तुमच्या नावानं रात्रभर अंधारात लोक डोंगर शोधत बसतात. आणि हे शोधणारे म्हणजे केझिक, वॉस्डेलच्या माउंटन रेस्क्यू टीम. तेही स्वयंसेवक.

हा नियम किती महत्त्वाचा आहे ते २०१२ मध्ये कळलं. लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका शर्यतीत एका धावपटूचा मृत्यू झाला. तो खाली आलेलाच नाही हे लक्षात यायला कित्येक तास गेले होते. त्यानंतर या खेळातले सुरक्षेचे नियम पुन्हा तपासले गेले आणि डोकी मोजण्यावर आणखी भर आला.

यादी नसली की काय होतं?

२२ मे २०२१. चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. धावपटू १७२. सकाळी बरेच जण टीशर्ट आणि हाफ पँटवर निघाले. वाऱ्यापासून वाचवणारं जॅकेट सक्तीच्या यादीत नव्हतं, फक्त ‘आणलं तर बरं’ असं होतं. दुपारपर्यंत डोंगरात गारा, बर्फासारखा पाऊस आणि वादळी वारा सुरू झाला. २१ जण गेले. त्यात लियांग जिंगसारखा चीनमधला नावाजलेला अल्ट्रा धावपटूही होता. सहा जण वाचले ते एका मेंढपाळामुळं. त्यानं त्यांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटी पेटवली.

मृत्यूचं मुख्य कारण हायपोथर्मिया. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की तो सुरू होतो. त्यासाठी बर्फच पडायला पाहिजे असं नाही. पळताना अंग गरम असतं. पण कपडे भिजले, वारा सुटला आणि थकून पाय थांबले की ऊब भराभर निघून जाते. आधी थरथर, मग बोलणं अडखळतं, मग डोकं चालेनासं होतं. आपल्याला काहीतरी होतंय हे त्या माणसाला स्वतःला कळतच नाही. ते सोबतच्यालाच कळतं.

यात आपला संबंध काय?

आता सह्याद्रीतही डोंगरी शर्यती होतात. सिंहगड-राजगड-तोरणा मार्गावर एसआरटी अल्ट्रा होते, साताऱ्याच्या घाटरस्त्यावर हजारो लोक हिल मॅरेथॉन पळतात. पावसाळ्यात तर दर रविवारी गडांवर गर्दी असते. आणि कुणी हरवलं, पडलं की लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांची पोरं आपलं कामधंदा सोडून दरीत उतरतात.

आपला डोंगर वेगळा, हवा वेगळी. इथं थंडीपेक्षा कधी ऊन मारतं, कधी निसरडा कडा. पण उपाय तोच आहे. पाठीवर गरजेचं सामान, हातात वाटेची माहिती आणि खाली आपलं डोकं मोजणारं कुणीतरी.

त्यामुळं पुढच्या रविवारी गडावर निघालात तर दोन मेसेज टाका. एक निघताना, कुठल्या वाटेनं जाताय आणि कधी परत येणार याचा. दुसरा खाली उतरल्यावर, ‘आलो’ एवढाच. रील त्यानंतर टाकली तरी चालतंय.