हैदराबादची निर्धूर चूल

कन्नडात चूल म्हणजे 'ओले', आणि मराठीत ओले म्हणजे भिजलेले. ज्या घरात दोन्ही भाषा नांदतात तिथे हा विनोद जुनाच आहे. पावसाळ्यात 'ओले' पेटत नाही म्हणून अज्जी कुरकुरली की नातवंडं विचारणारच, "अज्जी, ओले कसं पेटेल?" पण त्या विनोदात शास्त्रही आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाने निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. ते पाणी उडवण्यात जाळाची शक्ती खर्च होते, चूल पुरती तापत नाही आणि अर्धवट जळलेलं लाकूड धूर होऊन स्वयंपाकघरात फिरतं. तो धूर घरातल्या कोणाच्या डोळ्यांत आणि छातीत जातो, हे वाचकांना सांगायला नको.

या धुरावर नेटाने काम केलेली एक प्रयोगशाळा हैदराबादेत होती, हे मात्र आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही. तिचं नाव हैदराबाद इंजिनिअरिंग रिसर्च लॅबोरेटरीज. तिथल्या डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली 'स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. लाखो घरांना बिनधुराचं स्वयंपाकघर मिळावं, हा तिचा हेतू नावातच आहे. त्या वर्षी बिदर, गुलबर्गा, रायचूर, नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद आणि उस्मानाबाद (आजचं धाराशिव) हे सगळे जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचे तीन तुकडे झाले आणि आपले सोयरे तीन राज्यांत विखुरले. म्हणजे ही चूल आपल्या आजी-पणजीच्या राजधानीत तयार झाली होती!

चुलीची कल्पना साधी होती. मातीचीच बांधणी, पण जाळ झाकलेला. एका तोंडातून लाकूड घालायचं, आतला गरम वारा बोगद्यातून पुढच्या भांड्यांखालून फिरवायचा आणि उरलेला धूर धुराड्यातून छपराबाहेर सोडायचा. आपल्या चुलीच्या बाजूला 'वैल' असतो, त्याचंच हे सुधारलेलं रूप म्हणा. राजूंच्या लेखी हा प्रश्न नुसत्या सरपणाच्या बचतीचा नव्हता. धूर, काजळी, धग, नासाडी आणि आगीची भीती या पाचही गोष्टींतून बाईची सुटका व्हावी, असं त्यांनी मांडलं. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका इंजिनिअरला स्वयंपाकघरातल्या बाईचा विचार सुचला, याचं मला फार कौतुक वाटतं. त्याआधी १९४७ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत 'मगन चूल' झाली होती. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या 'अस्त्र' गटाने 'अस्त्र ओले' केली. तिचं नाव आपल्या कन्नड नातेवाइकांनी ऐकलं असेल.

मग या चुली गेल्या कुठे? १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला. तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली, आणि २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद पडला. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतही अशा चुली आल्या होत्या. वर्षभरात कोणी धुराडं काढून परसात टाकलं, कोणी चुलीचं तोंड फोडून मोठं केलं. बायका अडाणी, त्यांना नवं नको असतं, असं तेव्हाची शिकलेली माणसंसुद्धा म्हणत. मला ते पटत नाही.

आपल्या भागाचं मुख्य अन्न ज्वारीची भाकरी, जोळद रोट्टी. ती तव्यावर अर्धी होते, उरलेली चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करून शेकावी लागते. तेव्हाच तिला पापुद्रा सुटतो. जाळच झाकून टाकला तर भाकरी उभी कुठे करायची? दुसरी गोष्ट धुराड्याची. काजळीने ते तुंबतं, महिन्या-दोन महिन्यांनी झाडावं लागतं. छपरावर चढून ते कोणी झाडायचं, हे ठरवलेलं नव्हतं. पावसात त्याच भोकातून पाणी गळायचं ते वेगळंच. आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट लाकडाच्या आकाराची. निर्धूर चुलीचं तोंड लहान. तिला वीतभर लांबीच्या, मनगटाहून बारीक, वाळलेल्या ढलप्या लागतात. साध्या चुलीत मात्र दोन हात लांब फांदी सरळ सारता येते, जळेल तशी पुढे ढकलता येते. फांदीच्या ढलप्या करायला कुऱ्हाड लागते, कन्नडात कोडली. ती चालवायची तर घरातला पुरुष मोकळा हवा, आणि तो तर शेतात! बाईने आपली चूल ठेवली, ती हा हिशेब करूनच.

याच्या उलट चित्र हैदराबादेतच दिसतं. रमजानच्या दिवसांत जुन्या शहरात गेलात तर विटा-मातीच्या भट्ट्यांवर हलीमच्या देगी चढलेल्या दिसतील. दहा-बारा तास लाकडाचा जाळ आणि वर लाकडी घोटण्यांनी घोटणारे दणकट पुरुष. २०१० मध्ये हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या चवीत लाकडाचाही वाटा आहे. पण तिथे वखारीतलं वाळलेलं, फोडलेलं लाकूड विकत येतं, भट्टी उघड्यावर असते आणि घोटणाऱ्याला मजुरी मिळते. घरच्या चुलीला यातलं काहीच नाही. तिच्या वाट्याला तुराट्या, पऱ्हाटी, काटक्या आणि गोवऱ्या. (त्याच शहरात लकडी का पूल नावाची जागा आहे. नावात लाकूड उरलं आणि पुलापाशी मेट्रोचं स्टेशन झालं.)

गेल्या काही वर्षांत आमच्या गावांत पेट्रोलवर चालणारी साखळी करवत आली. सगळे तिला नुसतं 'कटर' म्हणतात. दोन माणसांना दिवसभर पुरणारी बाभूळ ती तासाभरात आडवी करते. झाड तोडायला कर्नाटकात १९७६ चा कायदा आहे, महाराष्ट्रात १९६४ चा, तेलंगणात २००२ चा 'वाल्टा'. सीमेवरच्या झाडाला तिन्ही राज्यांचं संरक्षण, पण कटरचा आवाज काही थांबत नाही. बुंधा ट्रॅक्टरमध्ये पडून वीटभट्टीकडे जातो आणि काटेरी शेंडे बांधावर राहतात. ते गोळा करायला बायकाच जातात. त्यातल्या त्यात वेडी बाभूळ, जिला कन्नडात बळ्ळारी जाली म्हणतात, ती कितीही तोडली तरी फुटते, म्हणून आपल्या माळांवर सरपण अजून टिकून आहे.

आता घरोघरी गॅस आहे. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. आमच्या घरी तर त्याआधीपासून शेगडी आहे. तरी सासूबाईंचं आंघोळीचं पाणी आणि भाकरी परसातल्या चुलीवरच. त्यांना मी अत्ते म्हणते, त्या माझ्याशी कन्नडात बोलतात, मी मराठीत उत्तर देते. दोन वर्षांपूर्वी त्यांचा खोकला जाईना म्हणून हैदराबादला नणंदेकडे नेलं. छातीच्या डॉक्टरांनी फुंकून घेण्याची तपासणी केली आणि विचारलं, "आजी, बिडी ओढत होता का?" अत्ते रागावल्याच! जन्मात तंबाखूला हात न लावलेल्या बाईला सीओपीडी निघाला होता. डॉक्टरांनी मग चुलीची वर्षं विचारली. बारा वर्षांच्या असल्यापासून, म्हणजे साठ होतात.

"चूल बंद करा," असं डॉक्टर म्हणाले. अत्तेंनी मान हलवली आणि गावी आल्यावर तिसऱ्या दिवशी चूल पेटवली. मी वाद घातला नाही. भूगोल शिकवते, त्यामुळे वारा कुठून येतो एवढं मला कळतं. चूल परसातल्या भिंतीपासून काढून मोकळ्या जागी घेतली, वर पत्रा टाकला, तीन बाजू उघड्या ठेवल्या. भाकरीसाठी तोंड मोठंच राहू दिलं, कारण ती अट अत्तेंची होती. पाणी तापवायला मात्र वेगळी झाकलेली चूल गवंड्याकडून बांधून घेतली, सिमेंटच्या धुराड्याची. धुराडं झाडायचं काम मुलाकडे दिलंय, महिन्याचा पहिला रविवार.

आणि कटरवाल्यालाच सांगितलं, बांधावरच्या फांद्या तोडशील तेव्हा आमच्यासाठी वीत-वीत लांबीचे तुकडे करून दे. तो हसला, एवढं बारीक कोणी मागत नाही म्हणाला. यंदा एप्रिलमध्ये त्याने दुपारभरात वर्षाचं सरपण कापून दिलं. मृगाच्या आधी आम्ही ते पत्र्याखाली रचून ठेवलं. अत्तेंनी एक तुकडा उचलला, दुसऱ्यावर आपटून त्याचा टणटण आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "ओणगैती." वाळलंय.